मग धरलाच कशाला?

ग्रंथालयातील जुन्या इंग्रजी नियतकालिकांचा गठ्ठा चाळत असताना एकदा एक छायाचित्र माझ्या नजरेस पडले. थंड देशातील एक डोंगरी नदी, कमरेइतक्या पाण्यात उभा असलेला एक गृहस्थ, आणि त्याच्या ओंजळीत ठिपक्याठिपक्यांचा एक देखणा मासा. चित्राखालचा मजकूर वाचला तेव्हा कळले की, हा मासा घरी नेण्यासाठी धरलेला नाही. पुढच्याच क्षणी तो पाण्यात सोडून देण्यात आला. लेखात शरद ऋतूतील नदी कशी असते, पाणी किती थंड असावे, मासा कोठे दबा धरून बसतो, अशी बरीच माहिती होती. त्या नदीवर बारा महिने मासे धरण्याची मुभा आहे. अट एकच, धरलेला प्रत्येक मासा जिवंत परत सोडायचा.

सुट्टीत मोखाड्याकडे घरी गेलो तेव्हा ही हकिकत मी आज्याला सांगितली. आजा वाघ नदीच्या काठी लहानाचा मोठा झालेला. पाग टाकण्यात, गळ लावण्यात त्याचा हात धरणारा आमच्या पाड्यात कोणी नव्हता. त्याने सगळे ऐकून घेतले, चंची सोडली, तंबाखू मळली आणि शांतपणे विचारले, “सोडायचाच होता, तर मग धरलाच कशाला?”

या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. ते शोधता शोधता जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवण्याचा हा प्रयत्न आहे. जव्हार-मोखाड्याच्या मुलांना नद्या नव्या नाहीत, परंतु आपल्या नदीतला मासा कोणत्या महिन्यात काय करतो, हे आपल्यापैकी किती जणांना सांगता येईल? मला तरी सांगता येत नव्हते.

परदेशी मासा, परदेशी नियम

प्रथम त्या चित्रातल्या माशाविषयी. त्याचे नाव ट्राउट. हा थंड, वाहत्या आणि निर्मळ पाण्यातला मासा. साधारण दहा ते सोळा अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तो सुखाने राहतो. पाणी वीस अंशांवर गेले की त्याला धाप लागू लागते आणि पंचविशीच्या आसपास त्याचे जगणे कठीण होते. याचे कारण समजण्यास सोपे आहे. पाणी जितके गरम, तितका त्यात विरघळलेला प्राणवायू कमी. दहा अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो; वीस अंशांना ९.१, तर तीस अंशांना जेमतेम ७.६. शिवाय गरम पाण्यात माशाच्या शरीराची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. म्हणजे मिळकत घटली आणि खर्च वाढला, अशी त्याची अवस्था होते.

हा मासा मूळचा भारतातला नव्हे. इंग्रज अधिकाऱ्यांना आपल्या मायदेशातील गळाच्या खेळाची आठवण येई, म्हणून त्यांनी त्याची अंडी बोटीने इकडे आणली. १९०० च्या सुमारास तो काश्मीरच्या ओढ्यांत रुजला, पुढे १९०९ मध्ये कुलूच्या खोऱ्यात आला, आणि दक्षिणेत निलगिरीच्या उंच पठारावरही त्याने मूळ धरले. महाराष्ट्राच्या वाट्याला तो आला नाही, कारण आपल्या सह्याद्रीतील नद्या त्याला सोसवण्याइतक्या थंड नाहीत. ऑक्टोबरच्या उन्हात आमच्या वाघ नदीच्या उथळ धारेत पाय घालून पाहावा. ट्राउटचे तेथे काही चालणार नाही, हे कळण्यास तापमापकाची गरज नाही.

ट्राउट धरण्याची रीतही निराळी. आपण गळाला गांडूळ लावतो आणि शिशाच्या वजनाने दोरी पाण्यात फेकतो. तेथे गळावर पिसे आणि रेशीम गुंडाळून हुबेहूब किड्यासारखी एक खोटी माशी बनवितात. तिला वजन जवळजवळ नसतेच. म्हणून वजन दोरीला दिलेले असते. लवचिक काठीने ती जाड दोरी हवेत मागेपुढे झुलवितात आणि तिच्याबरोबर माशी अलगद पाण्यावर उतरवितात. मासा फसावा यासाठी त्या दिवशी नदीवर कोणता किडा उडतो आहे, हे धरणाऱ्याला ठाऊक असावे लागते. त्यामुळे या खेळातील जाणकार मंडळी माशाइतकाच किड्यांचाही अभ्यास करतात. पाण्यातील दगड उलटा केला की त्याच्या पोटाला चिकटलेली, शेपटीला दोन-तीन केस असलेली चपटी बाळे दिसतात. हीच पुढे पंख फुटून उडतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. हे किडे आपल्या ओढ्यांतही आहेत. पाऊस ओसरल्यावर एखाद्या निर्मळ ओढ्यातील दगड उलटून पाहा.

आता शरद ऋतूची गोष्ट. थंड देशांत उन्हाळा सरला की नदी पुन्हा गार होते, दमलेला ट्राउट ताजातवाना होऊन भराभर खाऊ लागतो, आणि हौशी लोकांची नदीवर गर्दी होते. परंतु याच काळात एक दुसरी घटना घडत असते. तपकिरी ट्राउटची विणीची वेळ म्हणजे शरद आणि हिवाळ्याचा आरंभ. मादी शेपटीने नदीतळाची बारीक खडी उकरते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. वरून पाहणाऱ्यास तेथे फक्त स्वच्छ खडीचा एक उजळ पट्टा दिसतो. एखाद्याने त्यावर पाय दिला तर शेकडो अंडी चिरडतात, आणि पाय देणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून इंग्लंडच्या नद्यांवर साधारणतः ऑक्टोबर ते मार्च या काळात तपकिरी ट्राउट धरण्यास बंदी असते. जेथे बारा महिने मुभा आहे तेथेही जाणते लोक शरदात त्या उजळ खडीपासून दूर राहतात. नुसता ‘सोडून देण्याचा’ नियम पाळला म्हणजे पुण्य पदरी पडले, असे तेथेही कोणी समजत नाही.

सोडलेला मासा जगतो का?

आज्याच्या प्रश्नाच्या पोटात आणखी एक प्रश्न दडलेला होता. सोडलेला मासा खरोखर जगतो का? की आपल्या नजरेआड गेला म्हणून आपण त्याला जगला असे समजतो?

यावर शास्त्रज्ञांनी प्रयोग केले आहेत. कॅनडामधील दोन संशोधकांनी १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला एक प्रयोग या विषयात नेहमी सांगितला जातो. त्यांनी इंद्रधनुषी ट्राउटना पाण्यातच पूर्ण दमेपर्यंत पळविले. त्यांतील नुसते दमविलेले मासे बारा तासांत सुमारे १२ टक्के मेले. दमविल्यावर ज्यांना केवळ तीस सेकंद पाण्याबाहेर धरले त्यांतील ३८ टक्के मेले, आणि एक मिनिट बाहेर धरले त्यांतील ७२ टक्के. हे प्रयोगशाळेतील आकडे आहेत. नदीवर प्रत्येक वेळी इतकी मोठी हानी होतेच असे नाही. परंतु दिशा स्पष्ट आहे. माशाचे कल्ले म्हणजे पाण्यात उलगडलेल्या पातळ पाकळ्याच. हवेत त्या एकमेकींना चिकटतात आणि त्यांचे काम थांबते. आधीच धावून दमलेल्या माणसाचे नाक-तोंड मिनिटभर दाबून धरावे आणि मग त्याला “जा, तुला सोडले” म्हणावे, तसा तो प्रकार होतो.

म्हणून सोडायचा मासा कसा सोडावा याचे काही नियम ठरले आहेत. गळाच्या टोकाशी जो उलटा काटा असतो तो पक्कडीने आधीच दाबून टाकावा, म्हणजे गळ चटकन निघतो. माशाला फार वेळ दोरीवर खेळवू नये. हात ओले करूनच त्याला स्पर्श करावा, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तेथे रोग शिरतो. त्याला शक्यतो पाण्याबाहेर काढूच नये. धारेकडे तोंड करून हलकेच धरावे, आणि तो आपल्या बळाने निसटेल तेव्हा जाऊ द्यावे. पाणी फार तापले असेल त्या दिवशी गळ टाकूच नये. छायाचित्रासाठी माशाला मिनिटभर उचलून धरणारा गृहस्थ, त्याचा हेतू कितीही चांगला असो, कदाचित एक मेलेला मासाच नदीत सोडत असतो.

आपल्या देशातील अनुभव

हा खेळ आपल्या देशात केवळ ट्राउटपुरता राहिला नाही. इंग्रजांना येथे ट्राउटहून कितीतरी बलवान मासा भेटला, तो म्हणजे महासीर. मोठे सोनेरी खवले, जाड ओठ आणि वेगवान धारेविरुद्ध चढण्याची ताकद यांमुळे त्याची कीर्ती झाली. आपल्या दख्खनच्या महासीराचे शास्त्रीय वर्णन कर्नल सायक्स याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशांवरून १८३९ मध्ये केले. शास्त्रीय नावातील ‘खुद्री’ हा शब्द त्याने स्थानिक नावावरूनच घेतला. आपण याला खडस किंवा खडशी म्हणतो. उंबर, जांभूळ यांची पाण्यात पडलेली फळे, खेकडे, किडे, शेवाळ असे सारे काही तो खातो. म्हणून काठावरची उंबराची झाडे तोडली तर त्याचा फटका माशालाही बसतो.

१९७० च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवणच्या तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने महासीराची कृत्रिम पैदास सुरू केली. पावसाळ्यात माद्यांची अंडी काढून, ती उबवून, लाखो बोटुकली देशभर पाठविण्यात आली. एके काळी संकटग्रस्तांच्या यादीत असलेला हा मासा आता त्या यादीतून बाहेर आला आहे, ही आनंदाची गोष्ट.

परंतु याच कथेला दुसरी बाजू आहे. कर्नाटकात कावेरीवर अनेक वर्षे महासीर धरून सोडण्याचा खेळ नियमाने चालला. शिबिरात धरलेल्या प्रत्येक माशाची नोंद ठेवली जाई. पुढे शास्त्रज्ञांनी १९९८ ते २०१२ या काळातील अशा नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की, माशांची संख्या वाढली होती खरी. पण ती बाहेरून आणून सोडलेल्या निळ्या परांच्या महासीराची, म्हणजे आपल्याच खडशीची. कावेरीचा स्वतःचा कुबडा महासीर जवळजवळ दिसेनासा झाला होता. २०१८ मध्ये तो जगातील अतिसंकटग्रस्त जातींत गणला गेला. एका नदीचा मासा दुसऱ्या नदीत सोडणे हेही ‘सोडणे’च, पण त्याने उपकार होईलच असे नाही. मात्र प्रत्येक धरलेल्या माशाची वही ठेवली गेली, म्हणूनच ही गोष्ट उघडकीस आली, हेही विसरता कामा नये.

हिमाचल प्रदेशातील व्यवस्था मला विशेष उद्बोधक वाटली. तेथे ट्राउटच्या पाण्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी बंदी असते, आणि खालच्या, महासीर व इतर माशांच्या पाण्यात पावसाळ्यात सुमारे दोन महिने बंदी असते. राज्य एक, पण नियम दोन. कारण दोन माशांची विणीची वेळ दोन निरनिराळ्या ऋतूंत येते. येथे मला प्रथम उमगले की, परदेशातला शरदाचा नियम जसाच्या तसा उचलून आपल्या नदीला लावणे चुकीचे ठरेल. आपल्या नदीचे पंचांग वेगळे आहे.

आपल्या नदीचे पंचांग

ते पंचांग कसे आहे? जव्हार-मोखाड्यात पावसाला तोटा नाही. वर्षाकाठी अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास, कधी त्याहूनही अधिक पाऊस पडतो. पण तो चार महिन्यांत पडतो आणि खालचा काळा कातळ त्याला फारसा धरून ठेवीत नाही. वैतरणा, पिंजाळ, वाघ या नद्या आषाढात काठ सोडून धावतात, आणि होळीच्या सुमारास त्यांच्या कित्येक शाखांत नुसते धोंडे उरतात. त्याच दिवसांत आमच्या आया-बहिणी हंड्यावर हंडा ठेवून दूरदूरच्या विहिरींकडे चालू लागतात. नदीत पाणी राहते ते फक्त डोहांत. जो मासा पावसाळ्यात मैलोगणती फिरला, तो उन्हाळ्यात एखाद्या डोहात कोंडलेला असतो. पुढच्या वर्षीची सारी नदी जणू त्या दोन-चार डोहांत साठवून ठेवलेली असते.

पहिला जोराचा पाऊस पडला, ओढ्या-नाल्यांतून गढूळ पाणी नदीला मिळू लागले, की मासा त्या नव्या पाण्याच्या वासाने वर चढू लागतो. यालाच आपण वलगण म्हणतो. ओढ्यातून नाल्यात, नाल्यातून भातखाचरात तो शिरतो, कारण अंडी घालण्यास आणि पिल्ले वाढण्यास तेथील उथळ, उबदार, खाद्याने भरलेले पाणी त्याला हवे असते. वलगणीची रात्र आपल्या भागात एखाद्या सणासारखी असते. बत्त्या घेऊन लोक नाल्यावर जमतात. कोणी पाग टाकतो, कोणी बांबूच्या कामट्यांचा सापळा लावतो, पोरे हातांनीच मासे धरतात. त्या माशाची चव न्यारी, कारण पोटात गाभोळी असते. लहानपणापासून मी या रात्रीची वाट पाहत आलो आहे. त्या गाभोळीचा अर्थ मात्र फार उशिरा ध्यानात आला.

खडशीची वेळ याहून थोडी पुढची. ती पावसाळा जोरात असताना, श्रावण-भाद्रपदाच्या सुमारास वाहत्या पाण्यातील खडीवर अंडी घालते. तिची अंडी आकाराने मोठी, पण इतर मोठ्या माशांच्या मानाने संख्येने थोडी. त्यामुळे एक मादी गेली तर तिची भरपाई लवकर होत नाही. समुद्रावर जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि नारळी पौर्णिमेला होड्या पुन्हा पाण्यात लोटल्या जातात, हे आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावरील मुले जाणतात. डोंगरातील नदीवर मात्र तेवढ्याच दिवसांत सर्वांत जास्त मासा धरला जातो.

मग भाद्रपदाच्या अखेरीस पाऊस ओसरतो. आश्विनात पाणी काचेसारखे होते. विणीतून सुटलेला मासा नदीत परततो, पिल्लेही धारेला लागतात. म्हणजे आपला शरद ऋतू हा विणीचा काळ नसून वीण उरकल्यानंतरचा काळ आहे. ट्राउटच्या देशात शरदात जपून पाऊल टाकावे लागते. आपल्याकडे तेच पथ्य आषाढ-श्रावणात पाळायला हवे, आणि गळ टाकायचाच तर आश्विन-कार्तिक त्यासाठी बरा.

या दिवसांत आज्याबरोबर गळ टाकायला गेलो की तो मला आधी खाली बसवी. “उभा राहू नको, तो तुला बघतो,” असे म्हणे. मला हा त्याचा समज वाटे. पुढे वाचनात आले की, पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सारे जग सुमारे ९७ अंशांच्या एका गोल खिडकीतून दिसते. प्रकाशकिरण पाण्यात शिरताना वाकतात, त्यामुळे काठावर उभा असलेला माणूसही त्या खिडकीच्या कडेला दिसतो. पण जमिनीलगत बसलेला माणूस कडेच्या अगदी बारीक पट्टीत चेपला जाऊन जवळजवळ नाहीसा होतो. भौतिकशास्त्राचा हा नियम आज्याने पुस्तक न उघडता शिकून घेतला होता. सकाळी लवकर किंवा दिवस कलताना जावे, खळाळत्या धारेच्या शेवटी जेथे पाणी मोठ्या धोंड्यामागे मंदावते तेथे गळ टाकावा, आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये, हे त्याचे नियम परदेशी लेखातल्या नियमांशी जसेच्या तसे जुळले, याचे मला मोठे नवल वाटले.

देवाचे मासे

मासा न धरण्याची कल्पना आपल्याकडे नवी आहे, असेही नाही. आपल्याच जिल्ह्यात, वाडा तालुक्यात वैतरणेच्या काठी तिळसे येथे तिळसेश्वराचे देऊळ आहे. महाशिवरात्रीला तेथे मोठी जत्रा भरते. देवळापाशी नदीच्या डोहात महासीर मासे आहेत. ते देवाचे मासे म्हणून कोणी धरीत नाही. यात्रेकरू कुरमुरे टाकतात आणि हातभर लांबीचे मासे पायरीशी येतात. रायगड जिल्ह्यात महाडजवळ वाळण कोंड येथेही देवीच्या नावाने असाच डोह राखलेला आहे. मी तिळश्याला उभा होतो तेव्हा सारखे मनात येत होते की, नदी तर हीच वैतरणा. आमच्याकडे मासा माणसाची सावली पाहून पळतो आणि येथे हातातले खातो.

तथापि, एका डोहाने सारी नदी वाचत नाही, हेही येथेच लक्षात येते. वैतरणेवर १९५७ च्या सुमारास मोडकसागर झाला, १९७३ मध्ये अप्पर वैतरणा, आणि मोखाडा तालुक्यातील कोचाळे येथे १०२ मीटर उंचीचे मध्य वैतरणा धरण उभे राहून २०१४ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. मुंबईची तहान भागविणारी ही धरणे. त्या शहरात आपलेही भाऊबंद कामाला आहेत, तेव्हा त्या पाण्याला नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही. पण तिळश्याच्या डोहातील मासा कितीही जपला, तरी आता तो मोखाड्यापर्यंत चढू शकत नाही. भिंत ओलांडणे त्याला शक्य नाही. पिंजाळ आणि वाघ या नद्यांवरही धरणे योजिलेली आहेत. ती झाली तर वलगण कोठपर्यंत चढेल, हा प्रश्न निदान विचारला तरी गेला पाहिजे.

आणि धरणांकडे बोट दाखविताना आपले हात स्वच्छ आहेत का, हेही पाहावे. काही वर्षांपूर्वी एका चैत्रात आमच्या पाड्याच्या वरच्या डोहात कोणीतरी ब्लिचिंग पावडर ओतली. सकाळी सारा डोह पांढरा झाला होता. मोठे मासे ज्यांनी न्यायचे त्यांनी नेले होते. उरलेली बोटभर पिल्ले, वाम, खेकडे, बेडक्या उलट्या होऊन तरंगत होत्या. पूर्वी गेळाची फळे कुटून पाण्यात टाकीत, त्याने मासा गुंगत असे आणि त्यातही पिल्ले मरत. पण या पावडरीने पाण्यात जिवंत असे काहीच उरू दिले नाही. पाण्यात विष कालवणे आणि सुरुंग लावणे यांवर १८९७ च्या कायद्यानेच बंदी घातलेली आहे. कायदा सव्वाशे वर्षांचा झाला, तरी तो डोहापर्यंत पोहोचलेला नाही. त्या दिवशी आजा काठावर बराच वेळ बसून राहिला. पुढच्या आषाढात आमच्या नाल्याला वलगण जवळजवळ आलीच नाही. येणार तरी कोठून?

सोडावे काय आणि केव्हा?

धरून सोडण्याचा खेळ ज्याचे पोट भरलेले आहे त्याला शोभतो. ज्या घरात पावसाळ्यात भाजीलाही पैसे नसतात, तेथे चार मासे म्हणजे त्या दिवसाचे कोरड्यास असते. त्या घरच्या बाईला “मासा सोडून दे” असे सांगण्याचा अधिकार मला नाही आणि शहरातून गाडी घेऊन येणाऱ्या हौशी पाहुण्याला तर मुळीच नाही. उलट मला वाटते, आपल्याकडे प्रत्येक मासा सोडण्याची गरजच नाही. गरज आहे ती काही दिवस आणि काही जागा सोडण्याची. गावाच्या हद्दीतील एखादा खोल डोह बारा महिने न छेडता राखावा. वलगणीच्या पहिल्या दोन-तीन रात्री नाला अडवू नये. मासा वर चढू द्यावा, आणि अंडी घालून परतताना हवा तर धरावा. पोट फुगलेली मादी हाती आली तर तिला तरी जाऊ द्यावे. आणि विष, पावडर, विजेची तार यांना गावाने एकमुखाने नकार द्यावा. एवढे केले तर आश्विनात गळ टाकणाऱ्याने मासा खुशाल घरी न्यावा.

महाविद्यालयातील मित्रांना एक विनंती आहे. आपण निरनिराळ्या पाड्यांतून येथे येतो. येत्या पावसाळ्यात प्रत्येकाने एक साधी वही करावी. पहिली वलगण कोणत्या तारखेला चढली, त्याआधी किती दिवस पाऊस पडला, कोणकोणते मासे आले, किती जणांच्या पोटात गाभोळी होती, एवढेच लिहावे. चार-पाच वर्षांच्या नोंदी जमल्या तर वाघ आणि पिंजाळ या नद्यांचे पंचांग आपल्या हाती येईल. भूगोल विभागातील गुरुजनांनी मनावर घेतले तर हे काम अवघड नाही.

गेल्या आषाढात मी स्वतः नाल्यावर होतो. सहा मासे मिळाले. त्यांतील दोन माद्यांची पोटे टरटरून फुगलेली होती. हात ओले होतेच. दोघींना धारेकडे तोंड करून धरले आणि त्या निसटून गेल्या. चार मासे घरी आणले. आजा चुलीपाशी बसला होता. त्याने मासे मोजले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, “शेजारचा पोरगा सांगत होता, सहा होते.”

मी कारण सांगितले. तो काही बोलला नाही. जेवण झाल्यावर चंची सोडता सोडता त्याने एवढेच विचारले, “वरच्या अंगाला सोडल्यास, का खालच्या?”

“वरच्या,” मी म्हटले.

“बरं केलंस,” आजा म्हणाला. “खालच्या अंगाला दुसऱ्याचा सापळा होता.”